लेप वाळेपर्यंत हसायचं नाही

आमच्या घरात सुरकुत्यांवर औषध नव्हतं. मुरुमांवर होतं, वांगावर होतं, उन्हाने रापलेल्या मानेवर होतं. लग्न ठरलेल्या मुलीसाठी तर महिनाभर आधीपासून साग्रसंगीत बेत असायचा. पण सुरकुती ही घालवायची गोष्ट आहे, हे सांगलीच्या गावभागातल्या त्या वाड्यात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आता आम्ही चुलत-आते बहिणी साठीच्या अल्याडपल्याड पोचलोय. कुणाच्या मुंजीला, बारशाला जमलो की लगेच विषय चेहऱ्यांवर येतो आणि कुणीतरी म्हणतंच, "आजीची कांती आठव. गेली तेव्हासुद्धा गाल कसे तुळतुळीत होते. घरच्या उटण्याची किमया सगळी." मग सगळ्यांचीच तोंडं सुटतात. कुणाला सहाण आठवते, कुणाला बंबाचा धूर, कुणाला उटणं लावताना काकूने पाठीत घातलेली चापट. भाच्या आणि सुना मोबाइलमध्ये कृती टिपून घेतात. आणि त्या आठवणींत हळूच एक नवं कलम घुसतं, की हे सगळं सुरकुत्यांसाठी होतं. ते तसं नव्हतं.

सायीपासून सांगते, कारण घरातले तंटे तिच्यावरून व्हायचे. दूध तापून निवलं की वर जी जाड, पिवळसर, बोटाने गोळा करता येईल अशी साय धरायची, ती आजीच्या लेखी तुपाची. थंडीत गाल फुटायला लागले की धाकटी काकू त्यातली बोटभर उचलायची आणि मोरीच्या दाराआड उभी राहून तोंडाला चोळायची. रात्री विरजण लावताना आजीला बरोबर पत्ता लागायचा. "साय तुपाला, पीठ तोंडाला," हा तिचा कायदा होता आणि तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ताक घुसळायची शिक्षा होती. काकूने ती बऱ्याचदा भोगली. पण मार्गशीर्ष-पौषात तिचे गाल आमच्यासारखे खरखरीत कधी झाले नाहीत, हेही खरं. कोरड्या पडलेल्या कातडीवर ज्या बारीक रेघा उमटतात, त्या स्निग्ध काहीतरी लावलं की दिसेनाशा होतात. साय लावा, लोणी लावा, खोबरेल लावा, पेट्रोलियम जेली लावा. वरच्या थरातलं पाणी उडून जायचं थांबतं, कातडी फुगते, रेघ भरून निघते. संध्याकाळपर्यंत. खरी सुरकुती त्याच्या बरीच खाली, कोलॅजन आणि इलॅस्टिनच्या धाग्यांचा पीळ सुटतो तिथे पडते, आणि तिथपर्यंत म्हशीची साय काही पोचत नाही. घरगुती उपायांच्या नावाने जे 'आठवड्यात फरक' सांगितले जातात, त्यातला बहुतेक फरक हा या वरच्या, कोरडेपणाच्या रेघांचा असतो. फरक खोटा नसतो. फक्त टिकत नाही.

पीठ म्हणजे डाळीचं. ते दुधात किंवा ताकात कालवायचं. मोठी काकू मात्र मसुराची डाळ रात्री भिजत घालून सकाळी पाट्यावर वाटायची, त्यात सहाणेवर उगाळलेलं चंदन आणि जायफळाचे दोन वेढे. सहाण देवघरातली वेगळी आणि ही वेगळी. चुकून देवाच्या सहाणेवर जायफळ उगाळलं तर ती धुऊन, पुसून, आजीची बोलणी खाऊन परत जागेवर जायची. लग्न ठरलेल्या मुलीला पाटावर बसवून हा लेप मानेपर्यंत थापायचे आणि मग हुकूम सुटायचा: "बोलायचं नाही, हसायचं नाही. लेप वाळताना हसलीस तर सुरकुत्या पडतील." अख्ख्या बालपणात 'सुरकुत्या' हा शब्द आम्ही तोंडाच्या संदर्भात ऐकला तो एवढ्याच वाक्यात. तेही औषध म्हणून नाही, धाक म्हणून. आणि आम्ही मुली भोवती बसून तिला हसवायला जीव टाकायचो. आत्याच्या वेळी तर तिचा भावी नवरा पानाची पिंक टाकताना कसा दिसतो याची नक्कल करून धाकट्या काकूने असा काही बार उडवला, की कपाळावरच्या लेपाला भेगा पडून तुकडे परकरात पडले. कपाळाला काही झालं नाही. वाळलेलं पीठ किंवा मुलतानी माती ओढल्यासारखी लागते ती पाणी उडतं म्हणून. तोंड धुतल्यावर तासाभरात सगळं पूर्ववत. हसण्याच्या सुरकुत्या पडतात खऱ्या, पण वर्षानुवर्षं तेच स्नायू आखडून पडतात. त्यांना लेपाची गरज नसते.

अंड्याचा किस्सा मात्र आमच्या वाड्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. घरात 'स्त्री' मासिक यायचं. ते १९३० साली निघालं किर्लोस्करवाडीहून, म्हणजे आमच्या शेजारूनच, त्यामुळे त्याच्याबद्दल घरात एक प्रकारची भाऊबंदकी होती. शिवाय शेजारच्यांकडून आणखी दोन-चार मासिकं फिरत यायची. अशाच कुठल्याशा सदरात धाकट्या काकूने वाचलं, की अंड्याचा पांढरा बलक लावला की कातडी घट्ट होते. घरात अंडं आणणं म्हणजे काय, हे त्या काळच्या सोवळ्या घरांत वाढलेल्यांना सांगायला नको. काकूने ते आणवलं, कुणाकडून ते कधीच कळलं नाही, आणि न्हाणीघरात कडी लावून लावलं. बाहेर आली तेव्हा चेहरा चकचकीत आणि ताणलेला, भुवया किंचित वर. आजीने नाक उडवून हवा हुंगली आणि काही न बोलता बंबात आणखी दोन लाकडं सारली. काकूला त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा डोक्यावरून आंघोळ घडली. आज ती आठवण निघाली की भाची विचारते, "पण उपयोग झाला का?" झाला ना, आंघोळीपर्यंत. बलकातलं प्रथिन वाळताना कातडीवर पापुद्रा धरतं आणि आवळतं; पापुद्रा गेला की आवळणं गेलं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, तोंडाजवळ, नखाने खरवडलेल्या मुरुमावर तो नको. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

या सगळ्यांत माझ्या मते खरी गुणी चीज होती ती खिडकीतली ग्लिसरीनची बाटली. बाहेरून कायम चिकट, बुचाला मुंग्या, लेबल पुसलेलं. निम्मं ग्लिसरीन, निम्मं गुलाबपाणी. आजच्या महागड्या क्रीमच्या घटकांची यादी वाचा, पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन सापडेल. पाणी धरून ठेवण्यात त्याच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं फार थोडं आहे. नुसतं, दाट लावलं तर चिकटतं आणि कोरड्या हवेत उलट चुणचुणतं. ओल्या तोंडावर, पाणी घालून लावायचं, हे आजीला ठाऊक होतं. बिघडवलं ते लिंबाने. आत्याच्या कॉलेजच्या दिवसांत त्या बाटलीत अर्धं लिंबू पिळायची टूम निघाली, 'रंग उजळतो' म्हणून. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, आपल्या कातडीचा पाचच्या आसपास. म्हणजे चुणचुण होते ती 'काम करतंय' म्हणून नव्हे, कातडी भाजतेय म्हणून. त्यातून लिंबाच्या जातीच्या फळांत सोरालेन नावाची द्रव्यं असतात, ती अंगावर असताना ऊन लागलं की फोड येतात आणि मागे काळपट डाग राहतो. आत्याच्या मानेवर तसा ओघळाच्या आकाराचा डाग पडला होता, जिथून रस गळला तिथे बरोबर. तिच्या लग्नाच्या फोटोत मोठा हार पुढे ओढून घेतलेला दिसतो तो त्यापायी. 'लिंबात सी जीवनसत्त्व असतं आणि ते सुरकुत्यांवर चालतं' असं हल्ली सांगतात. शंभर ग्रॅम रसात ते साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही, त्याच्या दशांशाच्या आसपास. ज्या सीरमचा थोडाफार पुरावा आहे, त्यांत १० ते २० टक्के असतं.

आता हळद. सांगलीकराने हळदीबद्दल बोलायचं म्हणजे सावधच राहायला हवं, गावाची अब्रू तिच्यावर आहे. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या घागरीच्या आकाराच्या कोठारांत, वर्षानुवर्षं हळद राहायची आणि किडायची नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी त्या पेवांची दैना केली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे हळद बाजारातून हळकुंडं आणून घरीच दळली जायची. जेवणातली वेगळी, तोंडाची वेगळी: उटण्यात आंबेहळद पडायची. दिवाळीच्या आधी काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, गुलाबकळी आणायची, गच्चीवर वाळवलेली संत्र्याची साल घालायची, खलबत्त्यात कुटून पातळ धोतराच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करायची. नरकचतुर्दशीला पहाटे आधी तेल, मग हे. तेलाने कातडी मऊ व्हायची, उटण्याने तेल आणि मळ दोन्ही निघायचं, आणि साबणासारखी कातडी ताठर व्हायची नाही. उटण्याचं काम एवढंच होतं आणि ते त्याने चोख केलं. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत ढीगभर काम झालंय, पण चांगल्या हळदीत ते ३ ते ५ टक्के असतं, पाण्यात विरघळत नाही आणि कातडीतून आत सहज शिरत नाही. कातडी पिवळी मात्र हमखास करतं. त्यात सुट्या पुडीतली हळद आज कशी असेल सांगता येत नाही. रंग यावा म्हणून लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो मिसळल्याचं उपखंडात सापडलेलं आहे, आणि लेड म्हणजे शिसं. आजीच्या कृतीत 'हळद' लिहिलेलं आहे ते तिच्या जात्यावरची हळद धरून. कृती जशीच्या तशी आली, तरी जिन्नस तोच आला असं नाही.

मग आजीचे गाल तुळतुळीत कशाने राहिले? हा प्रश्न आम्ही बहिणी टाळतो, कारण उत्तर उटण्याइतकं सुवासिक नाही. आजी उन्हात जात नव्हती. वाड्याच्या चौकात सकाळचं ऊन यायचं तेवढंच; बाहेर पडायची ती देवळात, तेही उन्हं कलल्यावर, डोक्यावरून पदर घेऊन. विडी-सिगारेटचा प्रश्नच नव्हता. अंगाने भरलेली होती, त्यामुळे गाल आतून भरलेले. आणि मूळ वर्णात मेलॅनिन असतंच. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर वय आधी डागांनी दिसतं, सुरकुत्या मागाहून येतात.

याउलट हळद काढणीच्या दिवसांत शेतावरून ज्या बायका यायच्या, त्यांचे चेहरे आठवा. हात कोपरापर्यंत पिवळे, तोंडाला हळद रोज लागलेली, फुकट आणि अस्सल. हळदीनेच सुरकुत्या जात असत्या तर त्या बायकांची कातडी आख्ख्या जिल्ह्यात नितळ दिसायला हवी होती. तिशीतच त्यांच्या डोळ्यांच्या कडांना जाळं धरलेलं असायचं. त्यातल्या एकीला आम्ही आजीच्या वयाची समजायचो, ती धाकट्या काकूच्या बरोबरीची निघाली. दोघी एकमेकींना नावाने हाक मारायच्या, तेव्हा आम्हाला ते विचित्र वाटायचं. आमच्या घराण्याच्या कांतीचं श्रेय उटण्याला देताना सावलीत बसायला मिळणं ही काय चीज आहे, हे आम्ही सोयीस्कर विसरतो.

उन्हाचं हे गणित आता फोटोसकट उपलब्ध आहे. २०१२ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा चेहरा छापून आला. खिडकीकडची डावी बाजू लोंबलेली, जाड, खोल घड्यांची. उजवी त्या मानाने कितीतरी तरुण. काचेतूनही अतिनील-अ किरण आत येतात. (आपल्याकडच्या ड्रायव्हरचा उजवा गाल निरखून पाहा.) ऑस्ट्रेलियात नॅम्बोर गावी नऊशेहून अधिक लोकांवर साडेचार वर्षं चाललेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली: रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत कातडीचं म्हातारपण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसलं. आजीचा पदर हेच काम करत होता, आणि धुऊन रोज नवा व्हायचा.

सुरकुत्यांवरच्या ज्या मोजक्या औषधांना भक्कम पुरावा आहे, त्यांतलं ट्रेटिनॉइन मुळात मुरुमांचं. फिलाडेल्फियाचा त्वचारोगाचा डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन, त्याच्याकडे मुरुमांवर ते वापरणाऱ्या काही बायकांनीच त्याला सांगितलं, की रेघा कमी झाल्यात. त्यांच्या सांगण्यावरून तपास सुरू झाला आणि १९९५ साली तिकडे बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मंजुरी मिळाली. हाच क्लिगमन होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होता, हेही त्याच्या नावापुढे लिहिलं पाहिजे; 'शास्त्रीय' म्हणजे सोवळं असा समज नको. हे मलम सुरुवातीला कातडी सोलवटतं, उन्हाला हळवी करतं आणि गरोदरपणात चालत नाही, म्हणून डॉक्टरला विचारूनच.

आपल्याकडच्या झाडपाल्यातलं जे नाव आज जगभर गाजतंय, ते आमच्या घरच्या कुठल्याच डब्यात नव्हतं: बावची. तिच्यातून शुद्ध करून काढलेलं बाकुचिऑल २०१९ साली ४४ जणांवर बारा आठवडे रेटिनॉलशी तुलना करून तपासलं, तर सुरकुत्या आणि डाग दोन्हींवर बरोबरीचं ठरलं, जळजळ कमी. चाचणी छोटी, पण हुरूप देणारी. ते वाचून आमच्यातली एक बहीण थेट काष्ठौषधीच्या दुकानात गेली आणि बावचीची पूड घेऊन आली, दह्यात कालवायला. वैद्यांनी बावची वापरली ती कोडावर, कारण तिच्यात तेच लिंबातलं सोरालेन भरपूर असतं आणि उन्हाबरोबर ते कातडी पेटवतं. बाटलीतल्या बाकुचिऑलमधून ते वेगळं काढलेलं असतं, पुडीतल्या बावचीत ते तसंच असतं. दुकानदारच शहाणा निघाला, त्याने विचारलं, "कोड आहे का कुणाला?" आणि नाही म्हटल्यावर पुडी परत घेतली.

आमच्या आयांच्या पिढीने घरच्या लेपांबरोबर दुकानातल्या डब्याही पाहिल्या: मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो, मग विकोची पिवळी नळी. तोंड पांढरं करण्यापलीकडे त्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नाही. आता मात्र बिननावाच्या, 'घरी बनवलेलं, शंभर टक्के नैसर्गिक' अशी चिठ्ठी चिकटवलेल्या डब्या ओळखीतून हातोहात येतात, आणि माझी धास्ती तिथे आहे. रंग उजळवणाऱ्या अशा क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडल्याचे रुग्ण केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात नोंदवले. स्टेरॉइड मिसळलेली असली तर पहिले काही आठवडे कातडी काचेसारखी होते, मग पातळ, लाल, केसाळ. जी डबी आठवड्याभरात जादू करते, तिच्यावर संशय घ्यावा. डाळीच्या पिठाने आजवर जादू केलेली नाही, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास आहे. तेसुद्धा ताजं कालवावं, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवू नये. पाणी घातलेला लेप दोन दिवसांत नासतो, वास यायच्या आधीच. नवं काही लावायचं तर आधी चार-सहा दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. कोरफडीचं पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा, तो खाजतो.

गेल्या दिवाळीत भाचीने विचारलं, की तुम्हा लोकांच्या काळात हे सगळं करायला वेळ कसा मिळायचा? प्रश्न मला आवडला. मिळत नव्हताच. लग्न ठरलेल्या मुलीला अर्धा तास पाटावर बसायला मिळायचं, तोंडाला लेप म्हणून कुणी काम सांगू शकायचं नाही. बाकीच्या बायकांना तेवढंही नाही. मोठ्या काकूने दुसऱ्यांच्या तोंडाला इतके लेप थापले, पण तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर लेप पाहिलेला आमच्यातल्या एकीलाही आठवत नाही.

आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. नातसून कातड्याची डॉक्टर आली घरात, तिने सनस्क्रीनची नळी आणून दिली आणि रोज दोन बोटं भरून लावायला सांगितलं. आत्याने किंमत विचारली, ऐकून गप्प बसली. आता ती सकाळी नळीतलं वाटाण्याएवढं काढते, गालांवर टिपते, हाताला उरलेलं मानेवरच्या त्या जुन्या जागी पुसते. नातसून ओरडते, की इतक्याशाने काही होत नाही आज्जी, दोन बोटं म्हणजे दोन बोटं. आत्या म्हणते, "तुझी नळी तू दोन बोटं लाव. मला अजून हिच्यात दिवाळीपर्यंत काढायचीय."